पेलेट ग्रिलला नवं रूप देताना आधी उष्णता मोजा, मग रंग निवडा

दुकानातून आलेलं पेलेट ग्रिल, म्हणजे लाकडी गोळ्या जाळून अन्न भाजणारं ग्रिल, बहुतेक वेळा काळं किंवा गडद करडं असतं. परसात ते वर्षभर डोळ्यांसमोर राहणार असेल, तर त्याला आवडीचा रंग द्यावा, लाकडी मूठ बसवावी, चाकं आणि फळ्या बदलाव्यात असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. यातलं जवळपास सगळं साध्या हत्यारांनी घरी करता येतं. फक्त एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी लागते: हे यंत्र एका ठिकाणी भाजून काढण्याइतकं तापतं आणि तिथून हातभर अंतरावर कोमटही होत नाही. झाकणावर वर्षानुवर्षं टिकणारा रंग पायांवर नीट पक्का होत नाही आणि पायांवर छान दिसणारा रंग झाकणावर फुगून सोलून निघतो. म्हणून रंगाच्या डब्याआधी थर्मामीटर हातात घ्यायचा.

कुठे काय तापतं

१९८० च्या दशकात अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या माउंट एंजेल गावी जो ट्रेगर यांनी लाकडी गोळ्यांवर चालणारं पहिलं ग्रिल बनवलं. बाजूला गोळ्या साठवणारा हॉपर, त्यातून गोळ्या पुढे ढकलणारा ऑगर, अन्न भाजायच्या पिंपाच्या तळाशी गोळ्या जळतात ते छोटं फायर पॉट, ते पेटवणारी तापती कांडी, हवा फुंकणारा पंखा, ज्वाळेवर उष्णता पसरवणारा पत्रा आणि धूर बाहेर सोडणारी चिमणी, ही मांडणी आज बहुतेक ग्रिलमध्ये दिसते. त्यामुळे कंपनी कोणतीही असो, उष्णतेचा नकाशा साधारण सारखाच निघतो.

पिंपाच्या आतलं तापमान बहुतेक मॉडेलमध्ये ८० ते २६० अंश सेल्सिअस असतं. बाहेरच्या पत्र्याचं किती, हे मात्र ग्रिलप्रमाणे बदलतं. एकेरी पत्र्याचं झाकण चांगलंच तापतं, तर दुहेरी पत्र्याचं बरंच थंड राहतं. फायर पॉटच्या खालचा पिंपाचा भाग सगळ्यात कडक.

ग्रिल पूर्ण तापमानावर तासभर चालवा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने ठिकठिकाणी आकडे घेऊन कागदावर काढलेल्या चित्रात लिहा. झाकणाचा मध्य, झाकणाची कड, पिंपाचा तळ, चिमणीची मान, मुठीचे ब्रॅकेट, हॉपरची पिंपाकडची बाजू, हॉपरची बाहेरची बाजू, पायांची वरची टोकं, फळीची खालची बाजू ही सगळी ठिकाणं मोजा. चकचकीत स्टेनलेस स्टीलवर हा थर्मामीटर खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो, कारण गुळगुळीत धातू स्वतःची उष्णता कमी बाहेर टाकतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो. तिथे उष्णता सोसणाऱ्या मॅट टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा. वारा नसलेला, ऊन चढलेला दिवस निवडलात, तर सगळ्यात वाईट परिस्थितीचे आकडे मिळतील. ते मिळायलाच हवेत.

कोणत्या भागाला कोणता रंग

रंगाच्या डब्यावर ‘हाय हीट’ लिहिलं आहे एवढ्यावर भागत नाही, कारण त्यातही प्रकार आहेत.

चुलीसाठी आणि धुराड्यांसाठी मिळणारा स्टोव्ह पेंट सिलिकॉन रेझिनचा असतो आणि साधारण ६५० अंशांपर्यंत टिकतो. झाकण, पिंप आणि चिमणीसाठी हाच योग्य. तो जवळजवळ नेहमी मॅट किंवा हलक्या चमकेचा मिळतो आणि त्यात काळा, करडा, तपकिरी, गडद हिरवा, विटकरी असे मातकट रंगच जास्त असतात, कारण भडक रंगद्रव्यं इतक्या उष्णतेत टिकत नाहीत. इंजिन इनॅमल साधारण २६० अंशांपर्यंत चालतं, त्यात लाल, निळा, पिवळा असे झळझळीत रंग चमकीसह मिळतात. दुहेरी पत्र्याच्या झाकणावर ते छान बसतं. एकेरी पत्र्याच्या पिंपावर, आणि विशेषतः फायर पॉटच्या खाली, ते लावू नका.

आता एक मुद्दा, जो फार कमी जण लक्षात घेतात. सिलिकॉन रेझिनचा रंग हवेत वाळतो, पण पक्का होतो तो तापल्यावरच. पत्रा दोनशे अंशांच्या पुढे जाऊन काही वेळ तिथे राहिला, की रेझिनचे रेणू एकमेकांत बांधले जातात आणि रंग टणक होतो. हॉपर, पाय आणि खालची फळी कधीच इतकी तापत नाहीत. तिथे ६५० अंशांचा महागडा रंग मारला तर तो कायम कच्चा राहतो, नखाने ओरखडतो, तेलाचा डाग ओढून घेतो. अशा थंड भागांवर लोखंडासाठीचं साधं बाहेरचं इनॅमल किंवा दोन घटक मिसळून लावायचा ऑटोमोटिव्ह रंग कितीतरी जास्त टिकतो. ‘सगळीकडे एकच, सगळ्यात तगडा रंग’ हा सल्ला म्हणूनच मला पटत नाही. हवी ती छटा दोन्ही प्रकारांत तंतोतंत जुळत नाही, हे खरं. पण त्यातूनच चांगला मार्ग निघतो: झाकण आणि पिंप एका रंगात, पाय आणि हॉपर मुद्दाम वेगळ्या रंगात.

छटा निवडताना धूर विसरू नका. झाकणाच्या कडेने आणि चिमणीच्या मानेभोवती तपकिरी ओघळ येणारच. पांढऱ्या किंवा फिकट झाकणावर ते लगेच दिसतात. उलट, गडद झाकण भर उन्हात स्वतःच तापतं आणि कमी तापमानावर मंद धुरी द्यायची असेल, तेव्हा कंट्रोलरला, म्हणजे तापमान सांभाळणाऱ्या यंत्रणेला, ते तापमान खाली धरून ठेवणं जड जातं. ग्रिल सावलीत असेल तर गडद रंग निश्चिंत मनाने घ्या. उघड्या उन्हात असेल तर मधल्या छटेचा करडा किंवा मातकट हिरवा मला सर्वांत समजूतदार वाटतो. पूर्ण मॅटपेक्षा हलकी चमक असलेला रंग पुसायला सोपा जातो.

रंगाआधीची तयारी

रंग उडण्याच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं, म्हणून या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या.

ग्रिल विझवून एक पूर्ण दिवस जाऊ द्या. राखेखालचा निखारा दिसत नाही, पण तासन्‌तास धुमसू शकतो. मग प्लग काढा. हॉपर पूर्ण रिकामा करून गोळ्या झाकणाच्या डब्यात भरा. त्या ओल शोषतात, फुगतात आणि ऑगरमध्ये अडकतात. रंगाच्या वाफा आणि उडालेले कणही त्यांच्यावर बसायला नकोत. फायर पॉटमधली राख साफ करा. जाळ्या, तेलाचा ट्रे आणि उष्णता पसरवणारा पत्रा बाहेर काढून लांब ठेवा.

त्यानंतर मूठ, झाकणावरचा थर्मामीटर, चिमणीची टोपी आणि फळ्या सोडवा. प्रत्येक जागचे नट-बोल्ट वेगळ्या पाकिटात ठेवून त्यावर नाव लिहा. झाकण बिजागरीतून निघत असेल तर तेही काढा, आडव्या पृष्ठभागावर रंग ओघळत नाही.

तेल काढण्याचं काम घासण्याच्या आधी करायचं. आधी पॉलिश पेपर मारला तर तेलकटपणा ओरखड्यांत घुसतो आणि मग निघत नाही. डिग्रीझरने धुवा, स्वच्छ पाण्याने पुन्हा धुवा, वाळवा. पाण्याचे थेंब पत्र्यावर मणी होऊन जमत असतील तर तेल अजून आहे. पाणी सपाट पसरायला लागेपर्यंत धूत राहा.

कारखान्यातलं पावडर कोटिंग घट्ट असेल तर ते पूर्ण काढायची गरज नाही. २२० नंबरचा पेपर, मग ३२० चा, एवढ्याने चमक मारली जाते आणि नव्या रंगाला धरायला जागा मिळते. पण कोटिंग फुगलं किंवा सोललं असेल, तर तो भाग उघड्या धातूपर्यंत घासा आणि कड अशी उतरती करा की बोटाला पायरी जाणवणार नाही. गंज तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पेपरने मुळापासून काढा. गंजावर लावायचं रासायनिक कन्व्हर्टर गरम भागात वापरू नका, त्याचा थर तापल्यावर सुटतो. साधा प्रायमरही तिथे नको. तो खालून जळतो आणि वरचा चांगला रंग घेऊन निघतो. स्टोव्ह पेंट थेट धातूवर मारता येतो, किंवा त्याच प्रकारचा उष्णता सोसणारा प्रायमर घ्यावा.

घासताना नाका-तोंडावर मास्क हवाच. धूळ पुसून काढल्यावर धागे न सोडणाऱ्या कापडाने ॲसिटोनचा एक हात फिरवा आणि त्यानंतर पृष्ठभागाला उघड्या बोटांनी शिवू नका.

मास्किंग करताना काही जागा कधीही रंगवायच्या नाहीत. पिंपाचा आतला भाग आणि अन्नाला लागणारं काहीही, झाकण जिथे टेकतं ती आतली कड, तापमान मोजणारी प्रोबची कांडी, हॉपरखालच्या पंख्याची हवा घेणारी भोकं, कंट्रोलरचा डिस्प्ले, आणि मॉडेल-सीरियल नंबरची पट्टी. शेवटच्या पट्टीकडे सर्रास दुर्लक्ष होतं. सुटा भाग मागवताना किंवा वॉरंटीचं काही विचारताना तोच नंबर लागतो. मूळ रंग बदलला की काही कंपन्या रंग-गंजाची वॉरंटी मानत नाहीत, तेव्हा पहिला पेपर मारण्याआधी कागदपत्रं एकदा वाचून घ्या.

रंग मारणं आणि पक्का करणं

कोरडा, वारा नसलेला दिवस घ्या. पत्रा थेट उन्हात तापलेला नसावा. स्प्रे कॅन दोन मिनिटं नीट हलवा, कारण मॅट रंगांत जड कण तळाशी बसतात. डबा पत्र्यापासून २५ ते ३० सेंटिमीटरवर धरा. फवारा भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा येऊ द्या.

पहिला हात इतका पातळ असावा की खालचा रंग आरपार दिसत राहील. मग दोन-तीन पातळ हात पुरतात. जाड थर अधिक मजबूत होईल असं वाटतं, पण उष्णतेच्या रंगात उलट होतं: वरची साय आधी वाळते, आत अडकलेलं थिनर तापल्यावर वाफ होऊन बाहेर पडू पाहतं आणि फोड येतात. दोन हातांमधलं अंतर डब्यावर लिहिलेलं असतं. ते तंतोतंत पाळा. काही रंगांत ठरावीक वेळेत दुसरा हात मारला नाही, तर एकदम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच मारावा लागतो. मधल्या वेळेत मारला की खालचा थर सुरकुततो.

डब्यावर सांगितलेला वेळ, साधारणपणे एक पूर्ण दिवस, वाळू द्या. मग सगळे भाग जोडून ग्रिल रिकामं, अन्नाशिवाय, उघड्यावर चालवा. आधी १२० अंशांवर अर्धा तास, मग पूर्ण थंड होऊ द्या. पुन्हा १८० ते २०० वर अर्धा तास, पुन्हा थंड. शेवटी सगळ्यात वरच्या तापमानावर तासभर. रंगाच्या डब्यावर वेगळं वेळापत्रक असेल तर तेच पाळा. या वेळी रंगातून थोडा धूर आणि उग्र वास येतो, तो यायलाच हवा. मुलं आणि पाळीव प्राणी लांब ठेवा. या काळात झाकणाला हात लावू नका, कारण गरम असताना रंग क्षणभर मऊ पडतो आणि बोटाचा ठसा कायमचा राहतो. दुहेरी पत्र्यामुळे किंवा थंड हवेमुळे झाकण दोनशेपर्यंत पोचत नसेल, तर हीट गन सतत फिरवत ठेवून तो भाग तापवता येतो. सुटे भाग घरच्या ओव्हनमध्ये भाजू नका. रंगाच्या वाफा आत बसतात आणि तिथे पुढे अन्न शिजणार असतं.

झाकण स्टेनलेस स्टीलचं असेल तर रंगाच्या वाटेला न जाणंच मला योग्य वाटतं. तापून त्यावर पिवळसर-तपकिरी झाक येते. ती ऑक्झॅलिक ॲसिड असलेल्या पावडरीने, पत्र्याच्या रेघांच्या दिशेने घासून निघते. लोखंडी काथ्या वापरू नका. त्याचे बारीक कण पत्र्यात रुततात आणि गंजाचे ठिपके उमटतात.

मूठ

एकच गोष्ट बदलायची असेल तर ती मूठ बदला. हात रोज तिलाच लागतो, नजरही तिथेच जाते, आणि काम अर्ध्या दिवसाचं आहे.

सागवानासारखं घट्ट, तेलकट लाकूड घ्या. ३२ ते ३८ मिलिमीटर जाडीचा गोल दांडा बहुतेकांच्या मुठीत नीट बसतो. दांडा आणि झाकण यांच्यात बोटांच्या पेरांसाठी निदान ४५ मिलिमीटर मोकळी जागा ठेवा. दांड्यातून आरपार लांब बोल्ट घालू नका, तो झाकणाची उष्णता मुठीच्या मधोमध आणून सोडतो. त्याऐवजी दोन्ही टोकांना धातूचे आट्यांचे इन्सर्ट बसवा आणि ब्रॅकेटमधून छोटे स्टेनलेस बोल्ट त्यात आवळा. ब्रॅकेट आणि लाकडामध्ये उष्णतारोधक वायसर घाला. लाकूड ऋतूनुसार फुगतं-आटतं, म्हणून काही आठवड्यांनी पान्ह्याने एकदा पुन्हा आवळून बघा.

वरून जवसाचं किंवा टंगचं तेल पातळ हातांनी मुरवा. तेलाने भिजलेली चिंधी मात्र चुरगळून टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा झालेली चिंधी आपोआप पेटू शकते. ती उघड्यावर एकेरी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

लाकूड नको असेल तर स्टेनलेस तारेची गुंडाळी, म्हणजे स्प्रिंगसारखी मूठ, चांगली. हवा आतून खेळते आणि ती थंड राहते. नायलॉनची दोरी गुंडाळण्याची पद्धतही दिसते. तुमच्या नकाशात मुठीचे ब्रॅकेट ६० अंशांच्या आत असतील तरच ती वापरा.

व्हिनाइल, चुंबकं, नावाची पाटी

व्हिनाइलचं, म्हणजे चिकटवायच्या रंगीत प्लास्टिक फिल्मचं, जागेचं गणित सोपं आहे: फक्त गार भाग. मी हद्द ६० अंश धरतो, कारण त्यापुढे गोंद मऊ पडून कडा सरकतात. हॉपरची बाहेरची बाजू, हॉपरचं झाकण आणि खालच्या कपाटाची दारं यासाठी ते उत्तम. ‘कास्ट’ प्रकारचंच घ्या. स्वस्त ‘कॅलेंडर्ड’ व्हिनाइल उन्हात आकसतं आणि कडेला चिकट रेघ उरते. पत्र्यावर साबणाचं पाणी फवारून व्हिनाइल ठेवा, मधून बाहेर पाणी ढकला, कोपरे गोल कापा. टोकदार कोपराच आधी उचलला जातो.

चुंबकाने हुक किंवा पाटी लावायची असेल तर चुंबकाची जात बघा. साधी निओडिमियम चुंबकं ८० अंशांच्या आसपास कायमची कमजोर होऊ लागतात, फेराइटची काळी चुंबकं कितीतरी जास्त तापमान सोसतात. अनेक स्टेनलेस पत्र्यांना चुंबक चिकटतच नाही, तेव्हा विकत घेण्याआधी घरातलं एखादं लावून बघा.

झाकणावर लेसरने कापलेली धातूची पाटी खरंच देखणी दिसते. ती स्टेनलेसची असावी. जस्ताचा मुलामा असलेली पाटी आणि तसेच स्क्रू गरम भागात नकोतच, पिंपाच्या आत तर अजिबात नकोत. शक्य असेल तर थर्मामीटर किंवा मुठीच्या मूळ बोल्टवरच पाटी बसवा, म्हणजे नवं भोक पाडावं लागत नाही. हॉपरमध्ये भोक पाडायची वेळ आलीच, तर मागून वायर जात नाही हे आतून बघा आणि ऑगरच्या तोंडावर कापड दाबा. धातूचा एक कीस आत पडला तरी ऑगर अडकू शकतो.

फळ्या, चाकं, दिवे

धातूच्या बाजूच्या फळीवर लाकडी पट्ट्या बसवल्या, की ग्रिल एकदम फर्निचरसारखं दिसायला लागतं. पट्ट्यांमध्ये ४-५ मिलिमीटर फट ठेवा, पाणी निथळून जातं. पिंपाकडचं टोक आणि पत्रा यांच्यात बोटभर अंतर राहू द्या. या फळीवर अन्न कापणार असाल तर वरून फक्त खाद्य दर्जाचं मिनरल ऑइल लावा.

चाकं बदलताना आटे आधी मोजा. एम १० आणि एम १२ दिसायला सारखे वाटतात, आणि अमेरिकन बनावटीच्या ग्रिलला इंची आटे असू शकतात. चार चाकं असली तरी प्रत्येक चाक एकूण वजनाच्या एक तृतीयांश भाराचं घ्या. खडबडीत जमिनीवर एक चाक अधांतरी राहतं आणि सगळा भार तिघांवर येतो. वजनात भरलेल्या हॉपरच्या गोळ्याही धरा. मोठ्या व्यासाची चाकं चांगली दिसतात आणि सहज ढकललीही जातात, पण ग्रिल सपाट राहायला हवं. ते भलतीकडे कललं तर तेल तेलाच्या बादलीकडे न जाता ट्रेमध्येच साचतं आणि साचलेलं तेल पेटतं.

दिवे झाकणावर नकोत. हॉपरच्या बाहेरच्या कडेवर किंवा शेजारी वेगळ्या खांबावर १२ व्होल्टची, पावसात चालणारी एलईडी लावा. तिला वेगळा पुरवठा द्या. कंट्रोलरच्या वायरमधून वीज चोरू नका. त्या वायर पंखा, ऑगर आणि पेटवणीच्या कांडीच्या हिशोबाने बेतलेल्या असतात.

चिमणीची टोपी वेगळ्या आकाराची घ्यायची असेल तर धूर बाहेर पडायची फट मूळ टोपीपेक्षा लहान होता कामा नये. फट कमी झाली की हवा कोंडते, आग मंदावते आणि फायर पॉटमध्ये न जळलेल्या गोळ्या साठतात. झाकणाच्या कडेला काळी उष्णतारोधक गॅस्केट पट्टी लावली तर धुराचे ओघळ कमी होतात आणि कडही रेखीव दिसते. पट्टी ताणून चिकटवू नका, आणि चिकटवल्यावर ग्रिल न पेटवता झाकण एक दिवस बंद ठेवा.

पहिल्या महिन्यात रंगावर डिग्रीझर किंवा थिनर लावू नका, ओल्या मऊ कापडाने पुसणं पुरेसं आहे. ग्रिल पूर्ण थंड झाल्याशिवाय त्यावर आच्छादन घालू नका, नाहीतर आतली वाफ नव्या रंगाखाली शिरते. त्याच रंगाचा थोडा साठा बाजूला ठेवा: खडा लागून टवका उडाला तर डब्यातला रंग टोपणात फवारून बारीक ब्रशने लगेच लावा, आणि पुढच्या वेळी ग्रिल तापेल तेव्हा तो ठिपकाही पक्का होईल.